ओबेड लार्टरची जागा

दर शनिवारी जेवणाची भांडी झाली की केझाया लार्टर दोन बादल्या घेऊन कड्याच्या घळीतून समुद्रावर उतरायची, त्या भरून वर आणायची आणि भावाच्या नावेत ओतायची. एकसष्ट पायऱ्या. अशा चार खेपा. नाव वर घळीच्या तोंडाशी, कड्याच्या काठावर ठेवलेली असे आणि तिच्यावर ताडपत्री. पाणी ओतून झालं की ताडपत्री पुन्हा घट्ट बांधायची, कारण पावसाचं पाणी लाकूड कुजवतं आणि समुद्राचं टिकवतं. आमच्या थॉर्नगॅपमध्ये हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मला नव्हतं. मी आतल्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन नॉरफकच्या या किनाऱ्यावर आलेली. तिला पहिल्यांदा पाणी ओतताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाई काहीतरी धुतेय.

"बाग शिंपतेय," काठावर खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करणारे लोक म्हणायचे. "केझ, यंदा काय लावलंयस? कोबी?"

"गाजरं," ती म्हणायची. "तुमच्यासारखी. डोकं मातीत असलेली."

हसायचे सगळे. तीही हसायची. पण तिच्या हातातली बादली कोणी घेत नसे.

ओबेड तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि केझ बारा-तेराची. तिनेच त्याला वाढवला, विणायला बसली की मांडीवर घेऊन वाढवला असं म्हणतात. पुढे त्याने खेकड्यांची नाव केली आणि ती त्याच्या पिंजऱ्यांची जाळी विणू लागली. दोघांनी लग्न केलं नाही. मग १९२९ च्या वसंतात जोनस पेगचे पिंजरे तीन सकाळी लागोपाठ रिकामे निघाले, आणि कोणीतरी सांगितलं की उजाडता उजाडता ओबेड त्याच्या पिंजऱ्यांवर खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयांपाशी दिसला होता. दुसऱ्याचा पिंजरा उचलणं म्हणजे आमच्याकडे खुनाच्या खालोखालचं पाप. माणूस दारू प्यायला तर गावच्या चॅपलची मंडळी त्याच्यासाठी प्रार्थना करते. पिंजरा उचलला तर त्याच्याशी बोलणं थांबतं.

ओबेडने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझा नवरा हर्बर्ट चॅपलचा कारभारी. त्यानेच ओबेडला सांगितलं की खरंखोटं होईपर्यंत प्रभूभोजनाला येऊ नकोस. पुढच्या सोमवारी ओबेड बसमध्ये बसला आणि फ्लीटवूडला मोठ्या जहाजांवर कामाला गेला. वर्षाला नाताळचं एक कार्ड यायचं. त्यावर नाव, बाकी काही नाही. आमच्या घरात त्यानंतर ओबेडचं नाव निघालं नाही.

आता जागेचं सांगते. घळीच्या तोंडाशी अकरा नावांची जागा आहे, त्यापलीकडे कडा ढासळतो. ज्याला तिथे जागा नाही त्याला या गावातून मासेमारी करता येत नाही. आणि रीत अशी की सात वर्षांत जी नाव एकदाही एक पुरी भरती पाण्यावर राहिली नाही तिची जागा जाते. नावेत मालक हवा, नाहीतर त्याच्या रक्ताचं माणूस; दुसरं कोणी चालत नाही. ओबेडची सात वर्षं १९३६ च्या पेंटेकॉस्ट सणाच्या सोमवारी, एक जूनला, भरत होती; तोवर तो स्वतःच येऊन नाव काढेल अशी बहिणीला आशा होती. केझला दुसरं काही नको होतं. भाऊ परत येईल तेव्हा त्याला उभं राहायला ती एक नावभर जमीन असावी, एवढंच.

त्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या गुरुवारच्या बायकांच्या सभेत मिस ऑल्डस बोलायला आल्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई. आम्ही सगळ्याजणी अजूनही त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसतो. त्या शब्दांबद्दल बोलत होत्या.

"आपण म्हणतो, अमका फार स्टाँच माणूस," त्या म्हणाल्या. "म्हणजे पाठ न फिरवणारा, धरलेलं न सोडणारा. पण हा शब्द माणसासाठी जन्मलाच नाही बरं का. तो फ्रेंचांकडून आला. वाहतं ते थांबवायचं, असा त्याचा मूळ अर्थ. जखमेतलं रक्त थांबवतो तसं. मग आपल्या खलाशांनी तो नावेला लावला. जिच्यात पाणी शिरत नाही ती नाव स्टाँच. माणसाच्या वाट्याला तो आला त्यानंतर दोनशे वर्षांनी."

मला ते आवडलं. माझ्या रोजनिशीच्या वहीत लिहायचं म्हणून मनात घोळवत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून केझ म्हणाली, "माफ करा मिस ऑल्डस, पण जिच्यात पाणी शिरतच नाही अशी नाव मी पाहिलेली नाही."

"म्हणजे कसं, केझाया?"

"आधी ती पाणी पिते. फळीवर फळी चढवलेली असते, मध्ये भरलेलं काही नसतं. फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना दाबतात, तेव्हा सांधा मिटतो. कोरडी जपून ठेवलेली नाव सगळ्यात जास्त गळते."

"मग आमचे हे फार स्टाँच म्हणायचे," मिसेस बुलिमोर म्हणाली. "शनिवारी पितात, रविवारी फुगतात."

दारू न पिणाऱ्यांच्या चॅपलात एवढं हसू मी पुन्हा ऐकलं नाही. मिस ऑल्डसनी चष्मा काढून पुसला आणि केझने सांगितलेलं आपल्या कागदावर लिहून घेतलं. "हे पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या.

परत जाताना केझ एकटीच पुढे चालत होती. हसवणाऱ्या माणसाबरोबर लोक चालतात असं मला वाटायचं, पण तसं काही नाही.

फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला. इस्पितळात न्यायला गाडी आली तेव्हा तिने माझा हात धरला. शेजारीण म्हणून मीच तिथे होते.

"लेटी, शनिवारी तेवढं पाणी," ती म्हणाली. तिला धड श्वास घेता येत नव्हता. "समुद्राचं. विहिरीचं नको."

"तू बरी हो. मी बघते."

मी तीन शनिवार पाणी घातलं. हे इथे लिहिलंच पाहिजे. चौथ्या शनिवारी मुलींना गोवर निघाला. पाचव्या शनिवारी हर्बर्ट म्हणाला, "तू रोज काठावर काय करतेस?" रोज नव्हे, पण मी बादली परत ठेवली. सहाव्या शनिवारी गेले नाही. आणि त्या मार्चमध्ये पूर्वेचा वारा असा सुटला होता की वाळत घातलेला कपडा तासाभरात काठीसारखा ताठ होई. एप्रिलमध्ये एकदा जाऊन ताडपत्री उचलली तर नावेच्या फळ्यांमधून पलीकडचं गवत दिसत होतं. सुरीचं पातं जाईल एवढ्या फटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी गुडघ्यावर बसून प्रार्थना केली. नंतर जे केलं ते मात्र प्रार्थनेतून आलेलं नव्हतं, भीतीतून आलेलं होतं. हर्बर्ट घरं बांधणारा सुतार. त्याच्या कामाच्या खोलीत शेंदूर घातलेल्या पुट्टीचा डबा होता, खिडक्यांच्या चौकटींसाठी. ती वाळली की दगड होते. त्याला विचारलं असतं तर निदान "नावेचं मला कळत नाही, जोनसला विचार" एवढं तरी तो म्हणाला असता. पण ओबेडचं नाव घरात काढायचं नव्हतं. मी डबा घेऊन गेले आणि दोन दुपारी बसून एकूण एक फट भरली, बोटाने, नीट, जसं केकच्या कडेला आयसिंग लावतात. एक आठवडा वाळू दिली. मग भरपूर पाणी ओतलं, चुकलेल्या शनिवारांचं एकदम.

वहीत त्या दिवशी एवढंच आहे: "केझच्या नावेचं काम पुरं केलं. प्रभूचे आभार."

फळ्या पाणी प्यायल्या, फुगल्या, आणि त्यांना मिटायला जागाच नव्हती. तिथे माझा दगड होता. चौथ्या दिवशी काठावरच्या लोकांना कडाड असा आवाज आला. फळ्यांना आतून धरणाऱ्या तीन फासळ्या मोडल्या होत्या आणि तांब्याचे खिळे बाहेर आले होते.

केझ मेच्या मध्यावर घरी आली, अर्धी झालेली. मी तिला सगळं सांगितलं. ती खुर्चीवर बसून होती.

"डबा कुठला होता?" तिने विचारलं.

"हर्बर्टचा."

"घरात माहीत आहे?"

"नाही."

"मग बसून राहू नकोस. सुरी आण दोन."

आम्ही पुट्टी खरवडायला बसलो. चौथ्या दिवशी जोनस पेग आला. काठावरचा सगळ्यात म्हातारा माणूस, जागेचा निवाडा त्याच्याकडे. आणि पिंजरे ज्याचे उचलले गेले तोही तोच. त्याने आत वाकून फासळ्या पाहिल्या, बोट फिरवून शेंदूर पाहिला.

"हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं, पण केझ आधी बोलली. "माझ्या नावेत झालं मिस्टर पेग, म्हणजे माझ्याकडून झालं."

"तू खिडकी बसवणार होतीस वाटतं नावेला," तो म्हणाला. "हवेशीर राहील."

"दोन आठवड्यांत नीट होईल?"

"नव्या फासळ्या? नाही. जोडपट्ट्या मारता येतील. पाणी येणार. उपसत बसावं लागेल." तो जायला निघाला आणि थांबला. "पुरी भरती हवी हं, केझ. ओहोटीच्या तळापासून वर चढेपर्यंत. तुला फुफ्फुसाचा आजार झालाय म्हणून रीत बदलणार नाही."

"बदलायला मी सांगितलंय का?"

त्या संध्याकाळी मी हर्बर्टला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पाव संपवला, आणि दुसऱ्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन काठावर गेला. सात वर्षांत तो केझशी चॅपलच्या कामापलीकडे एक शब्द बोलला नव्हता. तिथेही बोलला नाही. तीन दिवस पट्ट्या मारल्या आणि घरी आला. मला फक्त म्हणाला, "शेंदूर महाग आहे. विचारून घेत जा."

खरवडता खरवडता मी एकदा केझला विचारलं होतं, "त्याने उचलले नसतीलच ना गं पिंजरे?"

"मी विचारलं नाही."

"सात वर्षांत? पत्रातसुद्धा?"

"विचारलं असतं तर मिळालेलं उत्तर धरून जगावं लागलं असतं," ती म्हणाली आणि सुरी पुसली.

पेंटेकॉस्टच्या सोमवारी सकाळी नऊला ओहोटीचा तळ होता. नाव उतरवायला हात लावणं हा आमच्याकडे उपकार नाही, रीत आहे. वैऱ्याच्या नावेलाही लावतात. वरच्या फळीतल्या भोकांतून वल्ही आरपार घातली, सहा जणांनी ती खांद्याला लावून नाव उचलली आणि घळीतून खाली नेली. जोनस पुढे होता. केझ मागून चालत होती, ओबेडची जुनी निळी विणलेली बंडी घालून, हातात पाणी उपसायचं पातेलं. नाव तरंगली, केझ चढली, आणि सहाही जण मागे सरले. त्यानंतर कोणाचा हात लागता कामा नये.

ती तीनेकशे यार्ड वल्हवत गेली, नांगराचा दगड टाकला आणि बसली.

सुट्टीचा दिवस, त्यामुळे काठावर सगळं गाव. डबे उघडले, चहाच्या किटल्या आल्या, पोरं पळत होती. पहिल्या तासाला लोक मोजत होते ती किती वेळा उपसते. "दर मिनिटाला," कोणी म्हणालं. "दुपारपर्यंत टिकत नाही." मग मोजायचं सोडलं. बारा वाजता वारा सुटला आणि निम्मे घरी गेले. मी तिच्यासाठी आणलेला पाव-खेकडा फडक्यात तसाच होता; तिला पोचवायची सोय नव्हती. लांबून तिचं तोंड दिसत नव्हतं. फक्त हात वर होई, पाणी चमकून पडे, हात खाली जाई. पुन्हा वर. एरवी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करताना माझ्या मनात स्तोत्रं येतात, पण त्या दिवशी एकही आलं नाही. सबंध समुद्रावर ती नाव ही एकच वस्तू होती आणि ती बुडत होती, आणि केझ बुडायच्या वेगापेक्षा थोड्या जास्त वेगाने उपसत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाणी वरच्या खुणेला लागलं. जोनसने घड्याळ पाहिलं, आणखी थोडं थांबला, आणि टोपी हलवली.

ती आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती आणि तिची बोटं पातेल्यावरून सुटत नव्हती. जोनसने ती एक एक करून सोडवली.

"पुरी झाली," तो म्हणाला. "जागा आहे."

त्या दिवसापासून गाव बदललं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. जून संपायच्या आत लोक म्हणू लागले, ज्याला अशी बहीण आहे तो चोर कसा असेल? पहाटेच्या अंधुक उजेडात कोणी नीट पाहिलं होतं? कोणी केझच्या दारात मासे ठेवी, कोणी कोळसा. मिसेस बुलिमोर मासे देऊ लागली आणि चॅपलात तिच्या शेजारी बसू लागली. हर्बर्टने स्वतः ओबेडला पत्र लिहिलं, चार मसुदे फाडून, की प्रभूच्या मेजावर तुझी वाट पाहत आहोत. जोनस पेग मात्र काही बोलत नसे.

ओबेड ऑक्टोबरच्या एका गुरुवारी आला. अकराच्या बसने. केझने डम्पलिंग आणि मटणाचा रस्सा केला होता. वास आमच्या अंगणापर्यंत येत होता. दुपारी दोघं काठावर नावेपाशी उभी असलेली मी खिडकीतून पाहिली. त्याने ताडपत्रीला हात लावला नाही. चारच्या बसने तो गेला.

सोमवारी कपडे वाळत घालताना ती कुंपणापाशी आली.

"बरा आहे?" मी विचारलं.

"लठ्ठ झालाय."

"परत येणार?"

तिने चादरीचं टोक माझ्या हातून घेतलं, आणि आम्ही दोघींनी ती पिळली. "लेटी, त्याने उचलले होते. तिन्ही दिवस. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. म्हणाला, तू नावेत बसलीस ते हर्बर्टच्या पत्रात वाचलं, आता लपवून ठेवत नाही."

"देव क्षमा करतो," मी म्हणाले.

"देवाचं मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी मिसेस बुलिमोरच्या माशांचं विचारतेय."

आमच्या चॅपलात महिन्याच्या पहिल्या रविवारी उपदेशानंतर ज्याला साक्ष द्यायची असेल त्याने उभं राहायचं असतं. बहुतेक तीच चार माणसं उभी राहतात आणि तेच सांगतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी केझाया उभी राहिली. तिच्या शेजारी मिसेस बुलिमोरने कौतुकाने हात जोडले.

"माझ्या भावाने मिस्टर पेगचे पिंजरे उचलले होते," केझ म्हणाली. "त्याने मला स्वतः सांगितलं. तो चोर नाही असं धरून तुम्ही मला मासे देता, ते मी आजपासून घेणार नाही. तो चांगला होता म्हणून मी नावेत बसले नव्हते. तो माझा आहे म्हणून बसले. जागा त्याची आहे."

ती बसली. हर्बर्ट कारभाऱ्याच्या खुर्चीत जमिनीकडे पाहत होता. मग जोनस पेग उठला. बाकाला धरून उठावं लागतं त्याला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "माणूस आपल्या पिंजऱ्याची गाठ ओळखतो, परत बांधली होती ती लार्टरांची गाठ होती. मीच केझला शिकवली होती, तिने ती थोडी बदलून त्याला शिकवली. पण भरती पुरी झालीय. रीत चोराला वगळत नाही. जागा राहील."

मग शेवटचं गीत झालं. लोक बाहेर पडले, दारापाशी घोळके झाले, हवेबद्दल बोलणं झालं. केझ त्या घोळक्यांमधून गेली आणि ते तिच्यासाठी बाजूला झाले, नाव उतरवताना होतात तसे. मिसेस बुलिमोर पिशवीत काहीतरी शोधत राहिली. जोनसला त्याच्या मुलीने हात धरून उलट्या दिशेला नेलं.

तिच्याबरोबर घरापर्यंत कोणी गेलं नाही. मीही गेले नाही. रविवारी आमच्याकडे साडेबाराला पान मांडलेलं लागतं, आणि मांस ओव्हनमध्ये होतं.